उष्टं पाणी

बास मासा पकडायच्या होडीत दोन सीटा असतात, एक पुढं आणि एक मागं. काठावरून बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटतात. पण काठावरून बघणाऱ्याला सगळीच लग्नंही सुखाची वाटतात.

पुढं बसतो त्याच्या पायाखाली पेडल असतं. पेडल दाबलं की विजेची छोटी मोटर कुरकुरते आणि होडी तो म्हणेल तिकडं जाते. कुठल्या ओढ्याच्या तोंडाशी शिरायचं, कुठल्या बुडालेल्या ओंडक्यापाशी थांबायचं, पहिला गळ कुणी टाकायचा, सगळं त्या एका पायात. मागं बसतो त्याच्या पायाखाली सँडविचचा डबा असतो.

हार्लिस प्रूइटच्या पायाखाली कितीतरी वसंत सँडविचचा डबाच होता. होडी त्याच्या मेहुण्याची, रॉइसची. जांभळ्या रंगावर चमकी मारलेली, बँडवाल्याच्या कोटासारखी. रॉइसचं गावात गाद्यांचं दुकान होतं आणि आपण लोकांना झोप विकतो या गोष्टीचा त्याला इतका अभिमान होता की स्वतः तो कधी गप्प बसत नसे. हार्लिसनं आयुष्यभर शाळेची बस चालवलेली. त्याच्या बसमध्ये मागच्या बाकावर फक्त वात्रट पोरं बसायची. निवृत्त झाल्यावर त्याच्याच नशिबी मागचा बाक आला, तोही बिनवात्रटपणाचा.

पुढचा माणूस आधी गळ टाकतो, ओंडका धुंडाळतो, भुकेला मासा असेल तो उचलतो. मग होडी हातभर पुढं सरकते आणि तेच पाणी मागच्याच्या समोर येतं. हार्लिस त्याला उष्टं पाणी म्हणायचा. मनातल्या मनात. रॉइस मात्र दर वेळी मान वळवून म्हणायचा, "घ्या भावोजी, अगदी ताजं आहे."

आता तुम्ही म्हणाल, हार्लिसनं स्वतःची होडी का घेतली नाही. त्यानं विचारलं होतं. बायको नेल्डा म्हणाली होती, "एका घरात एक येडा पुरे. दुसरा माझ्या माहेरी आहे, त्याच्याबरोबर जा."

बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये सामूहिक जेवण असतं. त्या बुधवारी राजमा आणि मक्याची भाकरी होती, आणि रॉइस सगळ्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होता की बास पकडायला अक्कल लागते आणि ती होडीच्या पुढच्या टोकाला असते.

"मला एकदा पुढं बसव," हार्लिस म्हणाला, "मग बघू अक्कल कुठं असते ते."

टेबलावरचे चमचे थांबले. हार्लिसनं यापूर्वी चर्चमध्ये काढलेला सगळ्यात मोठा आवाज म्हणजे शिंक होती. आपण हे बोललो यावर त्याचा स्वतःचाही विश्वास बसला नाही. त्यानं घाईनं राजमा तोंडात कोंबला, पण शब्द गेले होते.

"ठीक आहे भावोजी," रॉइस म्हणाला. "ईस्टरच्या आदल्या शनिवारी. मी पुढं, तुम्ही मागं, नेहमीसारखे. ज्याचा मासा मोठा तो वर्षभर पुढं बसणार. मंजूर?"

"म्हणजे मी उष्ट्या पाण्यातून तुझ्यापेक्षा मोठा मासा काढायचा?"

"उष्टं?" रॉइस म्हणाला. "मी तुमच्यासाठी पाणी गरम करून ठेवतो, आणि तुम्ही उष्टं म्हणता?"

नेल्डानं मध्ये हात घातला. रॉइसची थोरली बहीण, त्यामुळं तिचा हात मध्ये आला की रॉइस आपोआप सरळ बसायचा. "वजन मी करणार. आणि हरेल त्यानं तोंड वाकडं करायचं नाही. वर्षभर. दोघांची तोंडं मलाच बघायची असतात."

अशी पैज लागली. पुढच्या सीटसाठी हार्लिस रात्री कूस बदलू लागला. त्याला माशाचं वजन दिसायचं नाही, दिसायचं ते पेडल.

अमेरिकेतल्या आर्कान्साच्या त्या डोंगराळ भागात, बकहॉर्न तलावावर, खरा किडा लावून बास पकडणं म्हणजे परीक्षेत पुस्तक उघडून बसण्यासारखं. तिथं सगळी खोटी आमिषं. लाकडाचे मासे, पत्र्याच्या फिरक्या, रबराच्या अळ्या. हार्लिसच्या गराजमध्ये त्यांच्या डब्यांची उतरंड होती. रबराच्या अळ्यांच्या रंगांची नावं वाचली तर माणसाला भूक लागावी: कच्चा भोपळा, कलिंगड, कलिंगडावर लाल तिखट, जांभूळ, दालचिनी. माशानं जन्मात भोपळा बघितलेला नसतो, पण कच्च्या आणि पिकल्या भोपळ्यातला फरक त्याला कळतो यावर सगळ्या गावाची श्रद्धा.

"आठवडाभर भाजी आणायला सांगतेय," नेल्डा गराजच्या दारात उभी राहून म्हणाली. "आणि इथं भोपळ्याचे चार प्रकार."

"तीन. चौथा भोपळा नाही, मोटरच्या तेलाच्या रंगाचा आहे."

"खाऊन बघ आणि सांग."

वसंतातला हिशेब तसा सोपा. पाणी गार असतं तोवर मासा आळसटलेला, तेव्हा काडी वापरायची. काडी म्हणजे बोटाएवढा बारीक, कडक, चंदेरी मासा. दोन झटके द्यायचे आणि पाण्यात नुसता लटकत ठेवायचा. मरायला टेकलेली मासळी वाटली पाहिजे. पाणी थोडं कोमट आणि गढूळ झालं की लाल झिंगा, कारण तेव्हा खरे झिंगे चिखलातून बाहेर पडतात. आणि डॉगवूडचं झाड फुललं की बाकी सगळं डब्यात टाकून रबरी पाल काढायची. त्या दिवसांत बास काठाच्या उथळ पाण्यात शेपटीनं खळगा करतो आणि अंडी घालतो. पाणपाल ती अंडी खाते. म्हणून खळग्यात पाल पडली की मासा तिला तोंडात धरून बाहेर फेकायला जातो. भुकेपोटी नाही, संतापानं. आपल्या घरात पाल निघाल्यावर जे होतं तेच, फक्त झाडू नसतो.

डॉगवूड कुठलं बघायचं, तर होड्या उतरवायच्या धक्क्याजवळचं. तलावावरचा प्रत्येक माणूस त्याच झाडाला मानायचा. रेडिओवरच्या हवामानवाल्याला शिव्या घालणारी माणसं त्या झाडापुढं टोपी काढायची.

पैजेचा शनिवार डॉगवूडच्या दिवसांत येत होता, म्हणून हार्लिसनं ठरवलं की पालच. मग रंग ठरवण्यात त्याचे बाकीचे दिवस गेले. गुरुवारी तो कच्च्या भोपळ्यावर आला, शुक्रवारी सकाळी कलिंगडावर गेला, दुपारी परत भोपळ्यावर. संध्याकाळी नेल्डानं त्याला गराजमधून उचललं आणि शिडी धरायला धक्क्यावर नेलं.

ईस्टरची पहाटेची प्रार्थना दरवर्षी धक्क्यावर, त्याच डॉगवूडखाली होते. त्या फुलाच्या चार पाकळ्या म्हणजे क्रूस, टोकाचे तपकिरी डाग म्हणजे खिळ्यांच्या खुणा, असं तिथं पोरासोरांना पाळण्यात सांगतात. त्यामुळं ईस्टरला डॉगवूड फुललेलं पाहिजेच. यंदा मार्चमध्ये चांगली ऊब आली होती, पण मग अशी थंडी पडली की कळ्या मुठी आवळून बसल्या त्या बसल्याच. पास्टरबाईंनी बायकांची बैठक घेतली. देवाला जमत नसेल तर आपण हातभार लावू, असं ठरलं. कॉफी गाळायचे पांढरे कागद आणले, त्यांची चार पाकळ्यांची फुलं कापली, टोकं कॉफीत बुडवून तपकिरी केली, आणि शुक्रवारी संध्याकाळी नेल्डा शिडीवर चढून ती फांद्यांना तारेनं बांधू लागली.

हार्लिस खालून शिडी धरून वर बघत होता. झाड हळूहळू पांढरं होत होतं. बघता बघता अर्धं झाड फुललं.

"छान फुललं," तो म्हणाला. मान मागं टाकून त्यानं आणखी एक फूल बांधलेलं बघितलं. मग म्हणाला, "नेल्डा, म्हणजे हे फुललेलं नाही."

"नाही."

"म्हणजे पाणी गार आहे."

"एवढं कळायला तुला शिडी धरावी लागली?"

"म्हणजे मासा अजून काठाला आलेलाच नाही. बाहेर खोल पाण्याच्या कडेला उभा असणार." त्यानं शिडी सोडून डोक्याला हात लावला. वर नेल्डा एका फांदीला मिठी मारून जे बोलली ते त्या झाडाखाली बोलण्यासारखं नव्हतं.

घरी जाऊन त्यानं भोपळा, कलिंगड, सगळी भाजी डब्यात परत टाकली आणि काड्या काढल्या. मन मात्र खात होतं. रॉइसला सांगायला पाहिजे. पैज असली म्हणून काय झालं, ईस्टरच्या तोंडावर फसवणूक नको. सकाळी धक्क्यावर पाऊल ठेवल्या ठेवल्या सांगून टाकू, असं ठरवून तो झोपला.

सकाळी धुकं इतकं दाट होतं की गाडीचं बोनेट दिसेना. होडी पाण्यात सोडायला रॉइसनं गाडी मागं घेतली, दिव्यांचा झोत झाडावर पडला आणि रॉइसनं ब्रेक दाबला. धुक्यात डॉगवूड नखशिखान्त पांढरंशुभ्र उभं होतं.

"भावोजी," तो हलक्या आवाजात म्हणाला. "फुललं."

"रॉइस, त्या फुलांचं असं आहे की काल..."

"शू."

"अरे, ऐक तर. नेल्डानं काल संध्याकाळी..."

"भावोजी, होडीचा नियम काय आहे? मागच्या सीटवरून सल्ला नाही. पैजेच्या दिवशी तर नाहीच नाही. तुम्ही काय सांगणार ते मला माहीत आहे. ताई म्हणाली असेल उगाच ऊन लागेल, टोपी घाल. घातलीय."

हार्लिसनं तोंड मिटलं. त्याला वाईट वाटायला पाहिजे होतं. त्यानं थोडा वेळ वाईट वाटतंय का ते तपासूनही पाहिलं. काही सापडलं नाही.

तोवर मागून दुसऱ्या गाड्या येत होत्या. प्रत्येक गाडी झाडापाशी थबकायची, आतून "हं" असा आवाज यायचा, आणि मग आमिषांचे डबे उघडल्याचा खटखटाट. धक्क्यावर थर्मनचं दुकान होतं. त्याच्या दारात रांग लागली आणि तासाभरात त्याच्याकडच्या रबरी पाली संपल्या. थर्मन स्वतः त्याच झाडाखालून चालत दुकानात आला होता. त्यानंही आपल्यासाठी चांगल्या दोन पाली बाजूला काढून ठेवल्या.

होडी पाण्यात उतरल्यावर तिच्यातल्या यंत्राच्या पडद्यावर पाण्याचं तापमान आलं. एक्कावन्न फॅरनहाइट. खळगे करायला बासला साठच्या वर लागतं. रॉइसनं पडद्यावर टिचकी मारली. आकडा एक्कावन्नच राहिला.

"बिघडलं वाटतं," रॉइस म्हणाला. "यंत्राचं काय आहे भावोजी, ते बिघडतं. डॉगवूड कधी बिघडतं का?"

धुकं निवळलं तेव्हा बकहॉर्न तलावावर बघण्यासारखं दृश्य होतं. तलावातल्या सगळ्या होड्या उथळ काठाला तोंड करून ओळीनं उभ्या. जणू पंगत बसली होती, पानं मांडली होती, आणि वाढपी आलाच नव्हता. मोठमोठी माणसं चिखलात पाली सोडून श्वास रोखून बसली होती. चिखल पालींना काहीही म्हणत नव्हता.

हार्लिसची सुरुवात काही थोर झाली नाही. पहिल्याच फेकीला त्यानं गळाची काठी मागं नेली, काडीच्या गळांनी रॉइसच्या डोक्यावरची टोपी उचलली आणि टोपीसकट आमिष दूर पाण्यात जाऊन पडलं. काडीला गळाचे तीन झुबके असतात आणि प्रत्येक झुबक्याला तीन टोकं. टोपी सोडवताना एक टोक हार्लिसच्या बाहीत गेलं, दुसरं सँडविचच्या पिशवीत. थोडा वेळ तो, टोपी आणि सँडविच एकत्र बांधलेले होते.

"काय लागलं भावोजी? मोठं आहे का?" रॉइसनं विचारलं.

"सात नंबरची टोपी."

रॉइसनं ओली टोपी पिळून डोक्यावर ठेवली आणि पुन्हा काठाकडं वळला. त्याला एक बास मिळाला. पौंडभराचा. डॉगवूडची बातमी चुकून त्याच्यापर्यंतही पोहोचली असावी. रॉइसनं तो होडीच्या टाकीत टाकला आणि अशा थाटात हात पुसले जणू लोकांची तोंडंच पुसली.

आणि तेव्हा हार्लिसच्या ध्यानात आलं. इतकी वर्षं तो रॉइस ज्या बाजूला बघतो त्याच बाजूला बघत होता, आणि पाणी उष्टं म्हणून कुढत होता. रॉइसचं तोंड काठाकडं होतं. सगळ्या तलावाची तोंडं काठाकडं होती. हार्लिसनं खुर्ची फिरवली. त्याच्यापुढं, जिथं जमिनीची सोंड पाण्याखालून सरकत एकदम खोलात उतरत होती, तिथलं सगळं पाणी कोरं होतं. आज त्याला कुणी बोट लावलेलं नव्हतं.

त्यानं काडी त्या सोंडेच्या पलीकडं टाकली. दोन झटके. मग थांबायचं.

बास पकडणाऱ्या माणसाला सगळ्यात अवघड काम कुठलं असेल तर काही न करणं. हात शिवशिवतात. काडी पाण्यात लटकतीय, सगळं शांत आहे, आणि बोटं म्हणतात, हलव, जरासं हलव. हार्लिसनं पहिल्या फेकीला घाई केली, दुसऱ्या फेकीलाही. मग हाताला काहीतरी काम पाहिजे म्हणून त्यानं सँडविच काढलं. नेल्डानं कालच्या पावावर पीनट बटर थापलं होतं, आणि वर ज्वारीची काकवी. हे मिश्रण दारांच्या बिजागऱ्या बसवायलाही चाललं असतं.

दोन झटके, एक घास. घास टाळूला चिकटला. तो जिभेनं सोडवेपर्यंत काडी पाण्यात नुसती लटकत राहिली. गिळला, दोन झटके, दुसरा घास. हा आणखी मोठा होता. वरचा जबडा खालच्याला जाऊन मिळाला आणि तिथंच राहिला. हार्लिस मान वर करून, डोळे मिटून, एका हातात काठी धरून तो घास सोडवत होता. एवढा वेळ काडी जागची हलली नाही हे कुठल्याही शहाण्या माणसाच्या हातून झालं नसतं.

दोरी कडेला सरकली. आधी जराशी, मग सरळ चालायलाच लागली. हार्लिसनं काठी उचलली आणि काठी कमानीसारखी वाकली.

मोठा मासा लागल्यावर माणसानं एकच शब्द ओरडायचा असतो: जाळी. हार्लिसनं तोंड उघडायचा प्रयत्न केला. तोंड उघडलं नाही.

"म्म्म," तो म्हणाला. "म्म्म म्म्म."

"सल्ला नको म्हटलं ना भावोजी," रॉइस मान न वळवता म्हणाला.

"म्म्म्म्म."

"मला कळतंय तुम्हाला कंटाळा आलाय. अजून एक खळगा बघू, मग दुसरीकडं जाऊ."

होडी डुलली तेव्हा रॉइसनं मागं बघितलं. हार्लिस लालबुंद, डोळे बाहेर, गालात पाव. रॉइस ताडकन उठला. काठी त्याला दिसलीच नाही, दिसला तो फक्त घशात घास अडकून मरायला टेकलेला बहिणीचा नवरा. तो मागं धावला आणि त्यानं हार्लिसच्या पाठीत असा दणका घातला की घास तोफेच्या गोळ्यासारखा बाहेर पडून पाण्यात गेला. बरोबर त्याच जागी पाणी फुटलं आणि एक बास हवेत उसळला. दुधाच्या किटलीएवढं तोंड, पोटात अंड्यांचं ओझं.

दोघंही क्षणभर त्याच्याकडं बघत राहिले. आपण दणका मारला आणि भावोजींच्या घशातून बास निघाला, असं रॉइसला वाटलं असावं.

"जाळी," हार्लिस म्हणाला. आता आवाज होता.

मासा पुढं पळाला. होडीच्या नाकाला वळसा घालून तो पलीकडं गेला आणि दोरी पुढच्या सीटच्या खांबाला गुंडाळली गेली. एक झटका आणि तुटणार. हार्लिसला तिथवर पोहोचणं शक्य नव्हतं. पोहोचू शकत होता तो एकटा रॉइस. त्याला नुसतं उभं राहायचं होतं. मासा आपोआप गेला असता, सीट राहिली असती, आणि कुणी त्याला बोल लावला नसता.

रॉइसनं एक शिवी दिली, पुढं उडी मारली, आपल्या सीटला दोन्ही हातांनी मिठी मारली, खांबासकट तिला भोकातून उपसलं, दोरी मोकळी केली आणि सीट बाजूला ठेवली. बाजूला तलाव होता. सीट एकदा गदगदली, खांबाच्या वजनानं उभी झाली आणि मोठ्या ऐटीत बुडाली. रॉइस तिच्याकडं बघायलाही थांबला नाही. पालथा पडून त्यानं कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, जाळी माशाखाली सरकवली आणि वर घेतली.

दोघं होडीच्या तळाशी बसले. मध्ये मासा.

"काय लावलं होतं?" रॉइसनं विचारलं.

"काडी."

"डॉगवूड फुललेलं असताना काडी?"

हार्लिस काही बोलला नाही. होडीचा नियम होता.

धक्क्यावर परत आले तेव्हा ऊन आलं होतं. धुक्यानं भिजलेली फुलं फांद्यांवर ओल्या रुमालांसारखी लोंबत होती. झाडाखाली बास पकडणाऱ्यांचा घोळका वर बघत उभा होता. थर्मनच्या कपात एक फूल गळून पडलं आणि कागद आपल्या मूळ कामाला लागला.

"ही कॉफी गाळायची..." थर्मन म्हणाला आणि पुढचं त्याच्यानं बोलवेना.

रॉइसनं एक पाकळी तोडून बोटांनी चोळली. मग तो सावकाश हार्लिसकडं वळला. "तुम्हाला माहीत होतं."

"मी शिडी धरली होती."

"आणि सांगितलं नाहीत?"

"शू म्हणालास."

"ताई, हे चालणार नाही," वजन करायला धक्क्यावर आलेल्या नेल्डाला रॉइस म्हणाला. "हा कट आहे. पुन्हा पैज लावू."

नेल्डानं थर्मनच्या काट्याला मासा अडकवला. काटा साडेसहा पौंडांवर थांबला. मग तिनं भावाचा पौंडभराचा मासा बघितला, भावाकडं बघितलं, आणि पदार्थ बिघडल्यावर बघतात तसं पुन्हा माशाकडं बघितलं. "तो सांगायला लागला तेव्हा तू त्याला गप्प केलंस?"

"मागच्या सीटवरून सल्ला..."

"गप्प केलंस की नाही?"

"केलं."

"मग झालं. हार्लिस जिंकला. आणि तोंड सरळ कर."

रॉइसनं तोंड सरळ केलं. वेळ लागला, पण केलं. त्यानं हात पुढं केला. "पुढची सीट तुमची भावोजी. वर्षभर. जमिनीच्या सोंडेपासून पन्नासेक हात, तळाशी आहे. कधीही जाऊन बसा."

घोळक्यात पहिल्यांदा कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. मासा हार्लिसनं परत पाण्यात सोडला. अंडी घालायची होती तिला. तिनं शेपटी हलवली आणि एकदाही मागं न बघता निघून गेली.

पुढच्या शनिवारी हार्लिस पुढं बसला. सीट नव्हती, म्हणून भोकावर बादली पालथी घातली आणि तिच्यावर नेल्डानं उशी बांधून दिली. त्यानं पेडलवर पाय ठेवला. होडी गरकन फिरली. त्यानं पाय दुसऱ्या बाजूला दाबला, होडी उलटी फिरली. इतकी वर्षं बस चालवलेल्या माणसाला वाटलं होतं की यात काय आहे. पण बस निदान रस्त्यावर असते. दोन तास त्याला गळ टाकायला सवडच मिळाली नाही. वारा, ओंडके, पेडल, पुन्हा वारा. मागं रॉइस पाय पसरून, डब्यातलं एकेक सँडविच काढत निवांत पाली टाकत होता. दोन मासे त्यानं घेतलेही.

"भावोजी," तो म्हणाला, "उष्टं पाणी वाईट नाही हो. गरम असतं."

हार्लिसनं ऐकलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर वारा येत होता, पुढं कुणाची पाठ नव्हती, आणि बादलीवर तो असा ताठ बसला होता जणू तलाव त्याच्याच नावावर आहे. होडी धाडकन ओंडक्यावर आपटली.

"याच ओंडक्याला आपण तिसऱ्यांदा आलोय," रॉइस मागून म्हणाला.

"चांगला ओंडका आहे," हार्लिस म्हणाला आणि पेडल दाबलं.